आधी सक्कारा, मग गिझा

कैरोहून निघणाऱ्या बहुतेक एकदिवसीय सहली सकाळी थेट गिझाला जातात. तीन पिरॅमिड, स्फिंक्स, उंटावरचा फोटो, जेवण, मग अत्तराचे नाहीतर पपायरसचे दुकान, आणि ऊन कलायला लागले की उरल्या तासाभरात सक्कारा. सहल काढणाऱ्याला हा क्रम सोयीचा असतो. गिझा शहराला चिकटून आहे आणि गिऱ्हाईक त्यासाठीच आलेले असते. पण समजून घेणाऱ्यासाठी तो उलटा आहे. तिथला खुफू राजाचा मोठा पिरॅमिड सगळ्यांत आधी पाहिला की तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि परग्रहवासीयांच्या गोष्टी ऐकायला कान आपोआप टवकारतात. तोच पिरॅमिड सक्कारा आणि दहशूर पाहून झाल्यावर पाहिला, तर त्याच्यामागची शंभरेक वर्षांची उमेदवारी दिसते. कुणी तरी बिचकत बांधलेले, कुणाचे तरी फसलेले, कुणी तरी त्यातून शिकलेले.

म्हणून मार्गदर्शक ठरवतानाच सांगावे की आधी सक्कारा, मग दहशूर, मग गिझा आणि शेवटी संग्रहालय. सक्कारा कैरोच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि दहशूर त्याच्या दक्षिणेला आणखी दहाएक. गिझापासून दहशूरपर्यंतचा हा सगळा पट्टा मेम्फिस या जुन्या राजधानीची स्मशानभूमी होता, आणि १९७९ पासून तो युनेस्कोच्या यादीत एकच वारसास्थळ म्हणून नोंदलेला आहे.

सक्काराचा रस्ता खजुरांच्या बागा, कालवे आणि आपल्याकडेही जनावरांना घालतात त्या बरसीमच्या हिरव्यागार तुकड्यांमधून जातो. मग अचानक शेत संपते आणि तिथेच वाळू सुरू होते. मधे माळ नाही, झुडूप नाही. गावे गाळाच्या काळ्या जमिनीत आणि मृतांची वस्ती वाळूत, अशी ही वाटणी आहे. सूर्य पश्चिमेला मावळतो म्हणून मृतांची दिशा पश्चिम, हे त्यामागचे धर्माचे कारण. पिकाची जमीन कबरींत घालवायची नाही, हा शेतकऱ्याचा हिशेबही त्यात असणारच.

झोसेर राजाच्या आधीचे राजे मस्तब्यांत पुरले जात. मस्तबा म्हणजे कच्च्या विटांचा लांबट, बसका चौथरा. त्याच्या खाली खोल विहीर आणि तळाशी दफनाची खोली. इ.स.पू. २६५०च्या सुमारास झोसेरच्या कबरीचे काम सुरू झाले तेही मस्तब्यासारखेच, फक्त दगडात. मग बांधणाऱ्याचा बेत बदलत गेला. चौथरा बाजूंनी वाढवला, पुन्हा वाढवला, मग त्यावर टप्पे चढवले. आधी चार, शेवटी सहा. उंची ६२ मीटरच्या आसपास गेली आणि पायऱ्यांचा पिरॅमिड तयार झाला. आधी आराखडा आणि मग इमारत, असे इथे झालेले नाही. इमारत आणि आराखडा बरोबरच वाढले आहेत.

हे करवून घेणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे, ही त्या काळासाठी विलक्षणच गोष्ट. झोसेरच्या एका पुतळ्याच्या बैठकीवर राजाच्या नावाबरोबर इम्होतेपचे नाव आणि त्याच्या पदव्या कोरलेल्या सापडल्या. पुढे दोन हजार वर्षांनी इजिप्शियन लोक याच इम्होतेपला आरोग्याचा देव मानून नवस बोलत होते. त्याची स्वतःची कबर मात्र अजून कुणाला मिळालेली नाही.

मार्गदर्शक इथे घाई करतो, कारण पिरॅमिड लांबूनही दिसतो. त्याला थांबवावे ते प्रवेशद्वाराच्या खांबांपाशी. आवाराची भिंत साडेदहा मीटर उंच, सगळा फेरा दीड किलोमीटरहून जास्त. भिंतीत पंधरा दारे दिसतात, त्यांतली चौदा खोटी, नुसती कोरलेली. खरे दार एकच. त्यातून आत गेले की चाळीस खांबांची वाट लागते. खांबांवर उभ्या पन्हळी आहेत, कारण बोरूच्या जुड्या बांधून उभ्या केल्यासारखे ते घडवले आहेत. छताचे दगडही खालून गोलसर तासले आहेत, ओंडके टाकल्यासारखे. लाकूड आणि बोरूची घरे बांधणारा हात पहिल्यांदाच दगडाला लागला होता, आणि तो दगडातही लाकूडच घडवत होता. आणखी एक गोष्ट नीट पाहावी. एकही खांब मोकळा उभा नाही. प्रत्येक खांब मागच्या आडव्या भिंतीत अर्धा गुंतलेला आहे. दगडी खांब एकट्याने छताचा भार पेलेल, याची बांधणाऱ्यांना खात्री नव्हती. दगडही लहान आहेत, दोन माणसांनी उचलावेत असे, कारण सवय विटांची. पुढे गिझाला अडीच-अडीच टनांचे दगड पाहायचे आहेत, तेव्हा हे लहान दगड आठवावेत.

विखुरलेल्या तुकड्यांतून ही वाट पुन्हा उभी करणारा झाँ-फिलिप लोएर हा फ्रेंच वास्तुतज्ज्ञ १९२६ साली काही महिन्यांच्या कामासाठी म्हणून सक्काराला आला आणि २००१ मध्ये वारला तोवर त्याचे काम संपले नव्हते.

पर्यटकही इथे नवे नाहीत. आवारातल्या एका इमारतीच्या भिंतीवर हदनख्त नावाच्या खजिन्यातल्या लेखनिकाने रामसेस दुसऱ्याच्या ४७व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १२३०च्या आसपास, आपण भावाबरोबर इथे फिरायला आल्याचे लिहून ठेवले आहे. तेव्हाच झोसेरचा पिरॅमिड चौदाशे वर्षांचा जुना होता. भिंतीवर नाव लिहिणाऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण या गृहस्थाचे अक्षर आज अभ्यासाचा विषय आहे. (म्हणून तुम्ही लिहू नका. दंड होतो.)

सक्काराला राजांपेक्षा अधिकाऱ्यांच्या कबरी जास्त बोलक्या आहेत, आणि वेळ कमी असेल तर मी इतर काही सोडेन पण मेरेरुकाचा मस्तबा सोडणार नाही. हा सहाव्या राजवंशाचा वजीर, राजाचा जावई. त्याच्या कबरीत तीसहून अधिक दालने आहेत आणि भिंतीभिंतीवर उठावाची चित्रे. सोनार कामात आहेत, कोळी जाळी ओढतात, आणि तरसांना उताणे पाडून त्यांच्या तोंडात मांस कोंबले जाते आहे. तरस माणसाळवायचा हा प्रयोग पुढे सोडून दिलेला दिसतो, आणि चित्रातल्या तरसांकडे पाहिले की का ते कळते. एका भिंतीवर गावचे पाटील हिशेबासाठी लेखनिकांपुढे हजर केले आहेत. एकाला खांबाला बांधून फटके चालू आहेत. वसुलीची ही पद्धत चार हजार वर्षे पुढे कुठे कुठे टिकली, ते सांगायला नको. जवळच्या ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या मस्तब्यात गुरे पाण्यातून नेण्याचे चित्र आहे. गुराख्याने वासरू पाठीवर घेतले आहे, वासरू मान वळवून मागे पाहते आहे आणि मागून येणारी गाय तोंड वर करून हंबरते आहे. पिरॅमिडांनी राजाची ताकद कळते. त्या काळात माणसे कशी जगली, ते इथे कळते.

उनास राजाचा पिरॅमिड काळाच्या क्रमात नंतरचा, इ.स.पू. २३५०च्या सुमाराचा, पण जागा इथलीच. बाहेरून तो ढिगारा आहे. आत वाकून उतरले की दफनदालनाच्या भिंती निळ्या चित्रलिपीच्या उभ्या ओळींनी भरलेल्या आणि छतावर चांदण्या. राजा मेल्यावर आकाशात कसा चढावा याचे हे मंत्र, पिरॅमिडात कोरलेले सगळ्यांत जुने. दगडाचा दर्जा घसरला तशी मंत्रांवर भिस्त वाढली, असे माझे मत आहे. विद्वान ते इतक्या सरळ मांडणार नाहीत.

सेरापियम, म्हणजे पवित्र एपिस बैलांचे भुयारी दफनस्थान, पाहिलेच पाहिजे असे नाही. पण तिथल्या ग्रॅनाइटच्या अवाढव्य पेट्या पाहून परग्रहवाल्यांना जोर चढतो, म्हणून एवढे सांगतो. हे भुयार ओग्यूस्त मारिएतला १८५१ मध्ये सापडले ते स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराच्या वर्णनावरून. स्ट्रॅबोने वाळूत बुडालेल्या स्फिंक्सांची रांग लिहून ठेवली होती, आणि मारिएतला वाळूतून वर आलेले एक डोके दिसले.

आता दहशूर. बरेच मार्गदर्शक ते वगळतात, आणि सगळ्या दिवसाची किल्ली नेमकी इथेच आहे. १९९६पर्यंत हा भाग लष्करी हद्दीत होता आणि पर्यटकांना बंद होता. अजूनही गर्दी नाही. कधी कधी एका पिरॅमिडापाशी तुम्ही, पहारेकरी आणि त्याचे कुत्रे एवढेच असता.

खुफूचा बाप स्नेफेरू याने एक नाही, तीन मोठे पिरॅमिड बांधवले. एक दक्षिणेला मैदूमला, दोन दहशूरला. तिन्हींतला दगड एकत्र केला तर तो पस्तीस लाख घनमीटरांच्या पुढे जातो. खुफूच्या पिरॅमिडात सव्वीस लाखांच्या आसपास आहे. म्हणजे दगड वाहण्यात बाप मुलाच्या पुढे होता. पायऱ्या बुजवून सरळ उताराचा पिरॅमिड करायचा, ही कल्पना त्याच्याच काळातली, आणि तिची किंमतही त्याच्याच बांधकामांनी भरली.

वाकडा पिरॅमिड लांबूनच ओळखू येतो. खालचा अर्धा भाग सुमारे ५४ अंशांच्या चढाने वर जातो आणि मग एकदम ४३ अंशांवर उतरतो, जणू खांदे पाडून. झाले असे. जमीन पक्क्या खडकाची नव्हती, वाळूमिश्रित चिकण थराची होती. सुरुवातीचा चढ आणखी तीव्र, साठ अंशांच्या घरातला होता. भार वाढला तसे आतली दालने आणि वाटा तडकू लागल्या. गिलावा करून तडे बुजवले, ते पुन्हा फुटले. मग बाहेरून सगळ्या बाजूंनी दगडाचा पट्टा चढवून पाया रुंदावला आणि चढ कमी केला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अर्ध्यावर कोन मोडला म्हणजे वरचा भार घटला. वरच्या दालनात देवदाराचे ओंडके आजही आडवे बसवलेले आहेत. पालेर्मो शिला या जुन्या राजनोंदीत स्नेफेरूच्या काळात देवदाराने भरलेली चाळीस जहाजे आणल्याची नोंद आहे.

एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खालच्या भागातले दगडांचे थर आत कललेले आहेत, वरच्या भागातले जवळजवळ आडवे. आत कललेला थर घट्ट बसेल, ही पायऱ्यांच्या पिरॅमिडांपासूनची समजूत. प्रत्यक्षात त्याने आतला दाब वाढतो. काम चालू असतानाच बांधणाऱ्यांनी ही रीत टाकून दिली. बाहेरचा गुळगुळीत चुनखडीचा लेप या पिरॅमिडावर इतर कुठल्याही पिरॅमिडापेक्षा जास्त शिल्लक आहे, त्यामुळे सगळे पिरॅमिड नवे असताना कसे दिसत असतील याची कल्पना इथेच येते. आतला भाग २०१९ पासून पर्यटकांना खुला आहे.

परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधले म्हणणाऱ्याला इथे उभे करावे. तारे ओलांडून येणाऱ्यांना पाया खचेल हे कळले नाही? ही चूक माणसाची आहे आणि ती दुरुस्त करण्याची धडपडही माणसाची आहे.

उत्तरेला दोनेक किलोमीटरवर लाल पिरॅमिड. तोही स्नेफेरूचाच. इथे पहिल्या थरापासून कोन ४३ अंशांचा. थर आडवे, पाया २२० मीटर रुंद, उंची १०५. जोखीम अजिबात नाही. हा जगातला पहिला यशस्वी सरळ उताराचा पिरॅमिड. सुमारे २८ मीटर चढून गेल्यावर तोंड लागते, आणि तिथून साठेक मीटर लांबीची बुटकी, उतरती वाट. पाठ वाकवून उलटे उतरणे बरे. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, हे आधीच सांगितलेले बरे. आत वास कोंडलेला आणि उग्र. पण तळाशी सरळ उभे राहून वर पाहावे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकत सरकत बाराएक मीटरवर दोन्ही बाजू मिळतात. कमानीशिवाय भार बाजूंना ढकलायची ही युक्ती. ती लक्षात ठेवून गाडीत बसावे.

गिझाला आता फयूम रस्त्याकडच्या नव्या फाटकातून जायचे आणि आतून विजेवरच्या बसने फिरायचे, अशी व्यवस्था २०२५ मध्ये सुरू झाली. घोडे-उंटवाल्यांची झोंबाझोंबी थोडी कमी झाली आहे, संपलेली नाही. उंटावर बसायचे असेल तर चढण्याचे आणि उतरण्याचे, दोन्हींचे पैसे आधी ठरवावेत.

इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा खुफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटरहून उंच होता. बाजू २३० मीटर, चढ जवळजवळ ५२ अंश, पाया पक्क्या खडकावर. वाकड्या पिरॅमिडाचा धडा इथे पूर्ण वापरला गेला, म्हणून कोन पुन्हा वाढवायची हिंमत झाली. दगड अंदाजे तेवीस लाख. बांधकामाला वीस वर्षे धरली तर रोज तीनशेहून जास्त दगड जागेवर बसायला हवेत. चारही बाजू उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम दिशांना अशा नेमक्या लावल्या आहेत की चूक अंशाच्या पंधराव्या भागाइतकी.

आत जावे का? दम्याचा किंवा कोंडल्या जागेची भीती असलेला माणूस सोडून इतरांनी जावे, आणि ते मोठ्या दालनवाटेसाठी. ४७ मीटर लांब, साडेआठ मीटर उंच, तिरकी चढत गेलेली ही वाट म्हणजे लाल पिरॅमिडात पाहिलेली आत सरकत्या थरांची युक्तीच, फक्त लांब ताणलेली आणि उतारावर बसवलेली. तिच्या टोकाला राजाचे दालन, आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून आणलेल्या ग्रॅनाइटचे. छताला नऊ सपाट तुळया. त्यांना तडे गेले आहेत, आणि असे होऊ शकते हे ओळखून वर एकावर एक पाच पोकळ्या ठेवल्या आहेत. त्या पोकळ्यांत, जिथे कुणी पाहणार नव्हते, तिथे टोळ्यांनी खुफूच्या नावासह आपली नावे लाल रंगाने लिहून ठेवली. २०१७ मध्ये म्यूऑन कणांच्या साहाय्याने या वाटेच्या वर निदान तीस मीटर लांबीची आणखी एक पोकळी असल्याचे दिसले. ती कशासाठी, हे ठरायचे आहे.

मग मार्गदर्शक गुलामांची गोष्ट सांगेल. चांगला असेल तर सांगणार नाही. हिरोडोटसने लाख माणसे लिहिली, चित्रपटांनी त्यांच्या पाठीवर चाबूक घातले. १९९० मध्ये स्फिंक्सच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि बांधकाम करणाऱ्यांच्या कबरी उजेडात आल्या. सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट बसवून जुळलेली आहेत. जवळच्या वस्तीत भट्ट्या, कोठारे आणि गुरामेंढरांच्या हाडांचे ढीग मिळाले. राजाच्या पिरॅमिडाशेजारी कबर गुलामाला मिळत नाही. तरी हे सगळे हौसेने आले होते, असेही नव्हे. ही राजाची वेठ होती. पण पोटभर भाकरी, बिअर आणि मांस देऊन घेतलेली, आणि तिचा कणा कुशल पाथरवटांचा.

सगळ्यांत भक्कम साक्ष २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे निघाली. पिएर तालेच्या चमूला जगातले सगळ्यांत जुने लिहिलेले पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची टोळी नाईलपलीकडच्या तुराच्या खाणीतून पांढरी चुनखडी होडीत भरून गिझाला आणत असे, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. कुठे मुक्काम केला, कधी दगड भरला, कुणाच्या हाताखाली काम होते, सगळे नोंदलेले. देखरेखीला खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ. यात मंत्र नाहीत, चमत्कार नाही. हजेरी आणि खेपा आहेत. पिरॅमिड कसा बांधला, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या कारकुनी कागदांत आहे.

गिझाच्या उरलेल्या दोन पिरॅमिडांपैकी खाफ्रेचा उंच वाटतो तो उंचवट्यावर असल्यामुळे. मेनकाउरेचा सर्वांत लहान. त्याच्या उत्तर अंगावरची उभी खाच ११९६ मध्ये सुलतान अल-अझीझने तो पाडायला काढला होता, त्याची. आठ महिन्यांत तेवढेच जमले. स्फिंक्सचे नाक नेपोलियनच्या तोफेने उडवले, असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाला नम्रपणे विचारावे की नेपोलियन १७९८ मध्ये आला, मग १७३७ साली इजिप्तला आलेल्या नॉर्डेन या डॅनिश अधिकाऱ्याच्या चित्रात नाक का नाही.

नवे ग्रँड इजिप्शियन म्युझियम पठारापासून दोनेक किलोमीटरवर आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. काही वारी ते रात्रीपर्यंत उघडे असते, आणि एका दिवसाचा हा बेत जमतो तो त्यामुळेच. तूतांखामुनच्या कबरीतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत आणि गर्दी सगळी तिकडे. मुखवटा सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. २०१४ मध्ये त्याची दाढी निघाली तेव्हा ती घाईने इपॉक्सीने चिकटवली गेली, मग पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तो डिंक महिनोन् महिने खरवडून ती मेणाने बसवली. तो सांधा शोधत बसणारेही असतात. पण तूतांखामुन खुफूनंतर बाराशे वर्षांनी झाला. सक्कारा, दहशूर, गिझा पाहून आलेल्याने आधी खुफूच्या होडीकडे जावे. पिरॅमिडाच्या पायथ्याशी एका खंदकात १९५४ मध्ये ती १,२२४ तुकड्यांत मिळाली, आणि अहमद युसुफ या इजिप्शियन जतनतज्ज्ञाने नाईलकाठच्या होडी बांधणाऱ्यांकडून काम शिकून घेऊन ती दहा वर्षांहून जास्त काळ जुळवली. सुमारे ४३ मीटर लांब, लेबनॉनच्या देवदाराची, फळ्या दोरांनी शिवलेल्या. मेरेरच्या होड्या मालवाहू होत्या आणि ही राजाची, पण सुतारांची जात तीच.

जायचे ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये. टोपी, पाणी आणि घट्ट बुटांशिवाय दहशूरला उतरू नये. तिकिटे बहुतेक ठिकाणी कार्डानेच मिळतात, पहारेकऱ्यांच्या बक्षिशीसाठी मात्र सुटे पैसे हवेत. मार्गदर्शक ठरवताना परवाना पाहा आणि एकच प्रश्न विचारा: कार्यक्रमात दहशूर आहे का? तो म्हणाला की तिथे पाहण्यासारखे काही नाही, त्याऐवजी पपायरसचे चांगले दुकान दाखवतो, तर दुसरा मार्गदर्शक शोधा.